पोलिसांची मोटारसायकल आणि आपली टूरिंग गाडी : वाचकांचे प्रश्न

गस्तीच्या गाड्यांबद्दल आलेल्या प्रश्नांतले सहा इथे घेतले आहेत. आलेल्यांतले निम्मे प्रश्न फिरून बॅटरीवरच येतात, म्हणून त्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : पोलिसांच्या गाडीला कंपनीतूनच जादा ताकदीचं इंजिन येतं, असं तालमीतली पोरं छातीठोक सांगतात. खरं काय? (शिवाजी पेठ)

बहुतेक वेळा इंजिन तेच असतं. आपल्याकडे गस्तीला दिसणारी बुलेट, अपाचे किंवा पल्सर ही शोरूमचीच गाडी. दिवा, सायरन, पेट्या नंतर चढतात. परदेशात खास पोलीस मॉडेल निघतात, पण तिथंही ताकदीचा फार सोस दिसत नाही. कावासाकीची केझेड1000 पोलीस 1982 ते 2005 पर्यंत निघत होती आणि शेवटपर्यंत तिचं इंजिन हवेवर थंड होणारं, कार्ब्युरेटरचंच राहिलं. तेवढ्या काळात त्याच कंपनीच्या इतर मोठ्या गाड्या वॉटर कूलिंगवर गेल्या. पोलिसांना मात्र ज्याच्या सगळ्या खोडी मेकॅनिकला पाठ आहेत, असं इंजिन हवं होतं.

खरा फरक कामात आहे. टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी तासन्तास 80-90 च्या वेगानं पळते. तिला वारा लागतो, चार्जिंग भरपूर मिळतं. गस्तीची गाडी इंजिन चालू ठेवून चौकात उभी असते, वर दिवा आणि वायरलेस. त्यामुळे बदल होतात ते वीज, उष्णता, सीट आणि गार्ड यांत. बीएमडब्ल्यूच्या आरटी-पी मॉडेलला उपकरणांसाठी वेगळी दुसरी बॅटरी येते. हार्लेच्या पोलीस मॉडेलची सीट एकट्यापुरती, खाली हवेचा स्प्रिंग. हार्लेच्या मोठ्या एअर-कूल्ड गाड्यांत तर इंजिन फार तापलं की उभ्या गाडीत मागचा सिलिंडर तेवढ्यापुरता बंद करण्याची सोय आहे. मांडी भाजणाऱ्यालाच तिची किंमत कळते.

प्रश्न : माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गस्तीच्या एका बुलेटला सायरन, दिवे आणि वायरलेस जोडून दिला. बंदोबस्ताच्या दिवशी गाडी चालू असतानाच बॅटरी बसते, बंद केली की सेल्फ उचलत नाही. बॅटरी दोनदा बदलली. आता मोठी टाकू का? (इचलकरंजी)

मोठी बॅटरी टाकली तर ती थोडी उशिरा बसेल, एवढंच. आधी हिशेब करा. हॅलोजन हेडलाइट 5 अँपिअर खातो आणि एप्रिल 2017 नंतरच्या गाडीत तो बंदच करता येत नाही. 100 वॉटचा सायरन वाजताना 8, एलईडी दिव्यांची जोडी सुमारे अडीच, 25 वॉटचा वायरलेस बोलताना 5 ते 6. शिवाय इग्निशन, टेललाइट आणि एफआय (फ्युएल इंजेक्शनची) गाडी असेल तर पेट्रोलचा पंप. सगळं एकदम चालू असेल तर मागणी 20 अँपिअरच्या पुढे जाते. ब्रोशरमध्ये अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर वीज करणाऱ्या भागाचे, जे वॉट लिहितात ते चढ्या आरपीएमचे. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना, त्यातला थोडाच भाग हाती येतो.

समजा आयडलला 8 अँपिअरची तूट आहे आणि बॅटरी 14 अँपिअर-अवरची. निम्मी उतरली की सेल्फ कुरकुरायला लागतो. म्हणजे 7 भागिले 8, पन्नास-पंचावन्न मिनिटं. आपली विसर्जन मिरवणूक महाद्वार रोडवरून रात्र काढून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तिथं पन्नास मिनिटं म्हणजे काहीच नाही.

तपासणी या क्रमानं करा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. 12.6 व्होल्टच्या खाली असेल तर आधी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या, नाहीतर पुढचे आकडे फसवतील. मग जादा उपकरणं बंद ठेवून इंजिन 3000 आरपीएमला न्या. बॅटरीच्या टर्मिनलवर 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर मॅग्नेट कॉइलच्या (अल्टरनेटरच्याच कॉइलच्या) तीन वायरी कपलरमधून, म्हणजे जोडाच्या प्लगमधून, सोडवा आणि दोन-दोनच्या जोडीत एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्या सारख्या हव्यात. एक जोडी कमी दाखवत असेल किंवा इंजिन बंद करून पाहिल्यावर कुठलीही वायर बॉडीला कंटिन्युइटी देत असेल (मीटरवर बॉडीशी जोडलेली दिसत असेल), तर कॉइल गेली. कॉइल चांगली असेल तर तो कपलर उलटा करून नीट पाहा. पांढरं प्लास्टिक एका पिनभोवती तपकिरी होऊन वितळलेलं असतं आणि ती पिन ओढली की सैल निघते. दोन-दोन बॅटऱ्या बदलूनही बरा न होणारा हा आजार पुष्कळदा याच पिनेत असतो.

चार्जिंग ठीक निघालं तर दोष जोडणीत नाही, हिशेबात आहे. हेडलाइटला कंपनीचा एलईडी असेल तर तो घ्या. सायरनचा वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच) करा, बॅटरीपासून वीतभराच्या आत 15 अँपिअरचा फ्यूज, वायर अडीच चौरस मिमीची. हेडलाइटच्या वायरीला टॅप मारून सायरन चालवू नका. पावसाळ्यात तो जोड हिरवा पडतो आणि मग व्होल्टेज सायरनपर्यंत पोचतच नाही. हँडलकडे जाणाऱ्या वायरी मानेपाशी वळताना तुटतात, म्हणून हँडल दोन्ही लॉकला नेऊन ढील ठेवा आणि मगच टाय मारा.

वायरलेससाठी सीटखाली किंवा पेटीत दुसरी सीलबंद बॅटरी ठेवा आणि दोन्हींच्या मध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले घाला. तो साधारण 13.3 ला जोडतो आणि 12.8 ला तोडतो. मग वायरलेसनं स्वतःची बॅटरी चाटून-पुसून संपवली तरी सेल्फची शाबूत राहते. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना फ्यूज हवाच. वायरलेसमध्ये आरपीएमबरोबर चढणारी टकटक येत असेल तर प्लग रेझिस्टरचा आहे का ते पाहा. एनजीकेच्या नंबरातला आर हे अक्षर त्यासाठीच असतं.

प्रश्न : मिरवणुकीत, रॅलीत पायी चालणाऱ्यांच्या मागून गाडी न्यावी लागते. तासाभरात न्यूट्रल सापडत नाही, क्लचचा वास येतो. पोलिसांच्या गाड्या दिवसभर तेच करतात, त्यांना कसं जमतं? (गडहिंग्लज)

त्यांच्याही प्लेटा जातात, फक्त बिल आपल्याला दिसत नाही. बुलेटचा क्लच ऑइलात भिजलेला असतो. अर्धा दाबून चालवला तरी उष्णता ऑइल घेऊन जातं. 2013 पर्यंतच्या बीएमडब्ल्यू आर1200आरटीचा क्लच कोरडा, कारसारखा एका प्लेटचा. तो असा खेळवला की लवकर जळतो. पुढच्या पिढीत तिथंही ओला क्लच आला.

न्यूट्रल न सापडणं म्हणजे तापलेल्या प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. लिव्हरच्या बुडाशी 2 ते 3 मिमी ढील ठेवा. त्याहून जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही, अजिबात नसेल तर घसरतो. ऑइल जासो एमए किंवा एमए2 (ओल्या क्लचच्या मोटारसायकलचा) दर्जाचंच घ्या. कारचं ऑइल घातलं की क्लच सटकायला वेळ लागत नाही. आणि एक सवय लावा : थांबल्यावर पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहू नका. चालताना मागचा ब्रेक किंचित लावून थ्रॉटल स्थिर ठेवा. पाच मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद करा.

प्रश्न : उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशन आहे. पोलीस गाडीसारखा लेग गार्ड करून मागतात. पाइप किती जाड घेऊ? (कोल्हापूर)

25 ते 32 मिमी बाहेरचा व्यास आणि अडीच मिमी जाडी पुरे. त्याहून जाड पाइप लोक मागतात, पण देऊ नका. गार्ड वाकला तर बदलता येतो. तो वाकलाच नाही तर सगळा धक्का फ्रेमच्या पुढच्या नळीला बसतो. पट्टी इंजिन कव्हरच्या बोल्टला कधीच अडकवू नका. फ्रेमच्या मूळ माउंटिंगवर 8.8 ग्रेडचा बोल्ट, आणि वरून क्लॅम्प. वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडली असेल तर तो तुकडा बाद धरा. तयार झाल्यावर जुन्या टायरवर गाडी हळूच आडवी करा : टाकी, क्लच लिव्हर आणि इंजिन कव्हर जमिनीला लागता कामा नये. पोलीस मॉडेलला मागच्या पेट्यांभोवतीही गार्ड असतो. टूरिंगवाल्यांनी खरं म्हणजे तो उचलावा, पण मागणी नेहमी पुढच्याचीच.

प्रश्न : डिकी आणि दोन्ही पेट्या लावून बेंगळुरू हायवेला 100 च्या पुढे गेलो की गाडी डोलते. पोलीस तर याहून जास्त सामान नेतात. (कागल)

त्यांच्याही गाड्या डोलतात. ब्रिटनमधल्या काही पोलीस दलांनी होंडाची एसटी1300 याच तक्रारीमुळे 2007 मध्ये वापरातून काढली होती. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे आणि उंचावर ठेवलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, आणि डिकी वारा अडवते ते वेगळंच. जड सामान बाजूच्या पेट्यांत, तळाशी, दोन्हीकडे सारखं भरा; डिकीत रेनकोट आणि डबा. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमधल्या डबलसीटच्या आकड्याला ठेवा. तरीही डोलली तर पुढचं चाक उचलून हँडलच्या कोनसेटची (मानेतल्या बेअरिंगची) ढील आणि स्विंगआर्मची बुश पाहा. चालताना डोलायला लागली तर हँडल घट्ट धरू नका, थ्रॉटल हळूहळू सोडा, ब्रेक दाबू नका.

प्रश्न : लिलावात पोलिसांची जुनी बुलेट मिळाली तर घ्यावी का? (कसबा बावडा)

आधी नोंदणीची तारीख बघा. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर पुढे वाढत नाही. तशी गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रातच जाते. त्याहून लहान असेल तर किलोमीटरवर विसंबू नका. फोर्ड कंपनी अमेरिकेतल्या आपल्या पोलीस कारसाठी एक तास आयडल म्हणजे सुमारे 33 मैल चालणं असं धरते. म्हणजे मीटर 30 हजार दाखवत असला तरी इंजिनाची झीज बरीच पुढची असू शकते. थंड इंजिन चालू करून टॅपेटचा (व्हॉल्व्हकडचा) आवाज ऐका, क्लच आणि मागचा ब्रेक तपासा, हँडल दोन्ही लॉकला टेकवून फ्रेमवरचा स्टॉपर वाकला आहे का पाहा. लाल-निळा दिवा आणि सायरन उरले असतील तर काढून टाका. ते खासगी गाडीवर चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दिवा काढताना वायर अर्ध्यात कापून टेप मारलेली असते. ती टाकीखालून बॅटरीपर्यंत सगळी ओढून काढा, नाहीतर पहिल्याच पावसात फ्यूज उडेल आणि कुठला ते शोधत बसाल.