तेवीस फेब्रुवारी की आठ मार्च?

प्रश्न: सर, रशियन क्रांतीवरची एक अनुवादित कादंबरी वाचतेय. नायिका पेट्रोग्राडच्या (आताचं सेंट पीटर्सबर्ग) कापडगिरणीत कामाला. ती २३ फेब्रुवारी १९१७ ला संपावर जाते. मुलीच्या पुस्तकात मात्र ८ मार्च दिलंय. धाकटे दीर हसले, "वहिनी, कादंबरीतून कुठं इतिहास शिकतात?" वाचणं वायाच का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: ताई, दीरांना सांगा, दोन्ही तारखा बरोबर आहेत. रशियात तेव्हा ज्युलियन कॅलेंडर होतं, आपल्यापेक्षा १३ दिवस मागं. त्यांची ऑक्टोबर क्रांती आपल्या नोव्हेंबरात पडते ती त्यामुळंच. १९१८ मध्ये, क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या लेनिनच्या बोल्शेविक पक्षानं ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी आणली आणि घोळ मिटवला.

तुमची नायिका काल्पनिक असेल, पण तिच्या मैत्रिणी पक्क्या खऱ्या. तो महिला दिन होता. पावाच्या रांगांना विटलेल्या पेट्रोग्राडमधल्या व्हायबोर्ग भागातल्या गिरणीकामगार बायका काम टाकून बाहेर पडल्या. बोल्शेविक कार्यकर्ते ‘आत्ता संप नको’ म्हणत होते; ऐकतंय कोण? शेजारच्या लोखंडी कारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून त्यांनी पुरुषांनाही बाहेर काढलं. आठवडाभरात झारनं गादी सोडली.

माझी आई इथल्या एका मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होती. पाळी सुटून घरी आली की चुलीवर चहा ठेवायची आणि तो उकळेपर्यंत उंबऱ्यात बसून केसांतला कापूस वेचायची. मी त्याची गोळी करून फुंकर मारायचो. इतिहासाच्या पुस्तकात ‘वस्त्रोद्योगातील महिला कामगार’ एवढ्यावर भागतं. केसांतला कापूस दाखवायला कादंबरीवालाच लागतो.

सावध राहायचं ते दुसरीकडं. लेखकाला शेवट ठाऊक असतो, म्हणून त्याची पात्रं ‘आता क्रांती होणारच’ असं छातीठोक बोलतात. खुद्द लेनिन जानेवारी १९१७ मध्ये झुरिचला तरुणांपुढं म्हणाला होता, की आम्ही म्हातारे ती निर्णायक लढाई बहुधा पाहणार नाही. हा म्हातारा ४६ वर्षांचा! आणि पुढच्या दीड महिन्यात झारचं राज्य डळमळलं. तेव्हा एखादं पात्र फारच शहाणं बोलायला लागलं, की समासात पेन्सिलीनं खूण करा आणि तो प्रसंग इतिहासाच्या पुस्तकात ताडून बघा.

ऑक्टोबर क्रांतीत बोल्शेविकांनी घेतलेल्या हिवाळी राजवाड्याचं प्रकरण आलं की पुन्हा लिहा. त्यात सिनेमावाल्यांनी बराच मसाला घातलाय.