पावसाच्या सुट्ट्या आणि चौथीचं गणित

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा संगमेश्वर तालुक्यात आहे. जुलैत अतिवृष्टीची सुट्टी जाहीर होते आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरच्या व्हिडिओंच्या लिंक पालकांच्या गटावर टाकते, पण निम्म्या घरांत त्या उघडतच नाहीत. काय करावं?

उत्तर : बाई, सुट्टीच्या दिवशी लिंक पाठवून उपयोग नाही. ही तयारी जूनमध्येच व्हायला हवी. पहिल्या पालकसभेला पालकांना फोन आणि मुलाचं पुस्तक घेऊन बोलवा. बालभारतीच्या पुस्तकात पाठापाठाला क्यूआर कोड असतो. तो दीक्षा ॲपमधून स्कॅन करा. पान चुरगळलेलं असेल तर कोड वाचला जात नाही. अशा वेळी त्याच्याखाली छापलेली सहा अक्षरं-अंक टाइप करा. जुलै-ऑगस्टचे दोन-तीनच पाठ डाउनलोड करून घ्या, फार नकोत.

यानंतरची पायरी बरेचजण विसरतात. फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक व्हिडिओ तिथेच उघडून बघा. काही व्हिडिओ यूट्यूबवरून चालतात आणि नेटशिवाय उघडत नाहीत. हे सभेत कळलं तर बरं, पावसात कळून काय उपयोग?

2020 साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’ या अभ्यासाच्या मालिकेचा मोठा आधार झाला, कारण टीव्हीला नेट लागत नाही. पण कोकणातल्या पावसात आधी वीजच जाते. म्हणून सुट्टीत रोज पाठवायचं ते हलकं ठेवा : तुमच्या आवाजातला तीन मिनिटांचा संदेश आणि फळ्याचा एक फोटो. असा आवाज साधारण अर्ध्या एमबीत बसतो, रेंज क्षणभर आली तरी पोचतो. शिवाय मुलांना बाईंचा आवाज ऐकायला मिळतो, आणि लहान मुलांसाठी ते फार मोलाचं आहे. फोन बाबांबरोबर कामावर जात असेल, तर संदेश संध्याकाळी सातनंतर पाठवा.

प्रश्न : गटावर सगळ्यांची उत्तरं सारखीच येतात. पहिल्याचा फोटो बघून बाकीचे उतरवतात.

उत्तर : गणित हजेरी क्रमांकावरून द्या. उदाहरणार्थ, ‘तुमच्या हजेरी क्रमांकात 68 मिळवा आणि येणारी संख्या 503 मधून वजा करा.’ पट तीसच्या आत असेल तर प्रत्येकाला हातचा घ्यावाच लागतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. चौदा क्रमांकाचं उत्तर 421. त्याने 581 लिहिलं असेल तर समजा, की शून्यातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातूनच शून्य वजा केलं. अशा मुलाला गटावर चूक दाखवू नका, त्याच्या घरी फोन करा. आईला दहा-दहा काड्यांच्या जुड्या आणि अशा दहा जुड्यांचा शंभराचा गठ्ठा बांधायला सांगा, आणि तो गठ्ठा मुलाला स्वतःच्या हाताने सोडू द्या.