हौसाताई पाटील खरंच क्रांतिकारक होत्या, की क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं?

हा विषय आमचे दाजी प्रत्येक कार्यात काढतात, त्यामुळे उत्तर जरा तिखटच येणार. होत्या. पुरत्या क्रांतिकारक होत्या.

इंग्रजांना झुगारून नानांनी सातारा भागात समांतर राज्यकारभार चालवला, त्या प्रतिसरकारच्या धामधुमीत भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर त्यांनी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचं सोंग घेतलं. 'नवरा' प्रतिसरकारच्या सशस्त्र दलातला, तूफान सेनेतलाच. पोलिस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. गोव्यात पकडलेल्या बाळ जोशी या साथीदाराला भेटायला त्या बहीण म्हणून तुरुंगात गेल्या, सुटकेच्या बेताची चिठ्ठी अंबाड्यात खोवून. परतताना रात्री मांडवी नदी ओलांडली ती लाकडी पेटीवर पडून. यात वडिलांचा वशिला कुठं आला? नाना भूमिगत, त्यामुळे लेकीच्या वाट्याला आली ती घरादाराची जप्ती.

दाजींचं पालुपद ठरलेलं: "लढले गडी, बायकांनी भाकऱ्या थापल्या." रोख माझ्या आजीवर असतो. तिचं माहेर वाळवा तालुक्यातलं. पोरवयात ती वैरणीच्या भाऱ्यात भाकऱ्या आणि चिठ्ठ्या दडवून उसाच्या फडात लपलेल्या भूमिगतांना पोचवायची. लग्न होऊन कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आली आणि तो विषयच बंद झाला. पुढं कधीतरी माझ्या वडिलांनी तिला स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी एका कचेरीत नेलं. साहेबानं विचारलं, "तुरुंगात किती महिने होता?" आजी म्हणाली, "घावलेच न्हाई, तर तुरुंग कुठला?" कचेरी हसली. अर्ज परत आला.

नियमच तसा. केंद्राच्या पेन्शनला किमान सहा महिने तुरुंगवास हवा, बायकांना तीन. भूमिगत असाल तर फरारी घोषित केल्याचा, पकडण्यासाठी बक्षीस लावल्याचा किंवा स्थानबद्धतेच्या हुकमाचा पुरावा. म्हणजे जिनं काम इतकं चोख केलं की पोलिसांना पत्ताच लागला नाही, तिच्या नावावर कागद कोरा. आपल्या सरकारला दाखला हवा होता तो इंग्रजांचाच!

ताईच्या धाकट्याच्या बारशाला दाजी म्हणाले, "कागद नाही, मग कसली क्रांती?" मी तांबड्या रश्श्याच्या वाटीवरून उठलो. कोल्हापुरात ही केवढी गोष्ट आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको.

आणि वाळव्यापर्यंत तरी कशाला जायचं? आपल्याच शहरात मुंबईचा इंग्रज गव्हर्नर विल्सन याचा पुतळा 1942 मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हवीरे यांनी विद्रूप केला. आज तिथं शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. त्या चौकातून रोज गाडी काढणाऱ्यांना ही दोन नावं विचारून बघा. भाकऱ्याच थापत होत्या का त्या?

आता तुमच्या प्रश्नातलं थोडं खरंही आहे. हौसाताई नानांच्या लेक नसत्या, तर म्हातारपणी त्यांची आठवण विचारायला इतके लोक गेले नसते. 2021 मध्ये त्या गेल्या तेव्हा बातम्यांतही आधी 'क्रांतिसिंहांच्या कन्या' आणि मग त्यांचं नाव. आजीचं मी सांगतोय तेही तिच्या तोंडून ऐकलेलं, पुरावा मागाल तर नाही. पण नाव कशामुळे टिकलं हा एक मुद्दा आणि काम कुणी केलं हा दुसरा. तुम्ही दोन्हींची गल्लत करताय, दाजींसारखीच.

दाजी, तुम्ही इथं टोपणनावानं वाचता हे ताईनं सांगितलंय. रविवारी घरी या, रस्सा मी करतो. भाकऱ्या तुम्ही थापायच्या, पंचवीस माणसांच्या, आणि शेजारच्यांना कळता कामा नये.