लेखाला मार्क देणारं मशीन नेमकं काय बघतं?

प्रश्न: सर, इंग्रजी विकिपीडियावर मी एका वनस्पतीवर लेख लिहिला, दोन महिने पुस्तकं चाळली. एका टूलने त्याला 'स्टार्ट' म्हणजे खालून दुसरा दर्जा दाखवला. मशीनला माझा लेख कळला तरी का?

उत्तर: नाही कळला, कारण ते वाचतच नाही, ते मोजतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने 2015 मध्ये ओरेस नावाची सिस्टिम आणली होती, त्यातून आलेलं लेखाचा दर्जा ओळखणारं मॉडेल हेच करतं. आधी माणसांनी दर्जा दिलेले भरपूर लेख त्याला दाखवले, मग नवा लेख आला की मजकूर किती लांब, संदर्भ किती, मथळे, चित्रं, इन्फोबॉक्स (बाजूचा माहितीचा चौकोन), आतल्या लिंक हे सगळं मोजून ते अंदाज सांगतं. खालून वर पायऱ्या सहा आहेत: स्टब, स्टार्ट, सी, बी, गुड आर्टिकल आणि फीचर्ड आर्टिकल.

आणि हा अंदाज म्हणजे एकच शिक्का नसतो बरं का. समजा स्टब 0.1, स्टार्ट 0.5, सी 0.4 अशा शक्यता आल्या, तर टूल त्यातलं सगळ्यात मोठं तेवढं दाखवतं, पण स्टबला 0, स्टार्टला 1, सीला 2 असे गुण धरून, प्रत्येक गुणाला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज केली तर 1.3 येतात, म्हणजे तुमचा लेख सीच्या बाजूला झुकलेला असू शकतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. म्हणून शक्यतांचे आकडे दिसत असतील तर ते आधी बघा.

आता एक गोष्ट तपासा. पुस्तकांची नावं लेखाच्या शेवटी नुसती टाईप केलीयत का? तसं असेल तर मशीनला तुमचे संदर्भ दिसतच नाहीत, त्याला रेफ टॅग, म्हणजे संदर्भाभोवती लावायची <ref> ही खूण लागते. उलट चुकीच्या पानाचा संदर्भ टॅगमध्ये टाकला तरी तो मोजला जातो, ते मला खरंच खटकतं. निबंध तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचंही असंच, एमआयटीच्या लेस पेरेलमन यांनी 2014 मध्ये अर्थहीन निबंध तयार करणारा प्रोग्रॅम दाखवला होता आणि त्या निबंधांना अशा सॉफ्टवेअरने चांगले मार्क दिले होते.

तेव्हा प्रत्येक विधानामागे पान क्रमांकासकट टॅग लावा आणि मग वनस्पतींच्या विकिप्रकल्पाच्या (त्या विषयावर काम करणाऱ्या संपादकांच्या गटाच्या) चर्चा पानावर लेख पुन्हा बघायची विनंती करा, तिथे दर्जा माणसंच ठरवतात.