सहा वर्षांच्या मुलीला दीन (इस्लाम धर्म) घरीच शिकवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: मुलगी सहा वर्षांची, मराठी शाळेत पहिलीला. राहता पुण्याच्या अशा टोकाला, जिथून मशीदही लांब आणि मदरसाही. सासूबाईंचं म्हणणं, आजच कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) हातात द्या. तुम्हाला वाटतं, अर्थ न कळता नुसतं पाठ करून काय उपयोग? आणि तुमचं स्वतःचं अरबी वाचन अडखळतं.

मी आमच्या इमारतीतल्या मुलांना संध्याकाळी शिकवते, त्या जोरावर सांगते. कामाची वाटणी करा. अरबी वाचायला शिकवणारं माणूस बाहेरचं बघा. अल्लाह कोण, नमाज कशासाठी, रोजा कशासाठी, हे मात्र तुम्ही दोघांनी शिकवा, आणि मराठीत शिकवा. आपल्याकडे बहुतेक घरांत सगळं हजरतांच्या (शिकवणाऱ्या मौलवींच्या) गळ्यात टाकतात आणि घरात फक्त "सबक (धडा) झाला का?" एवढं विचारतात. मग मूल अम्मापारा (कुरआनचा शेवटचा भाग) धडाधडा म्हणतं, पण त्यातल्या एका ओळीचा अर्थ विचारला की आईच्या तोंडाकडे बघतं. तुमची शंका रास्त आहे. सासूबाईंचीही घाई अगदीच चुकीची नाही, त्यावर पुढे येते.

पहिला धडा सूरह इख्लासचा, म्हणजे कुरआनच्या एका छोट्या अध्यायाचा, घ्या. चारच आयत (वचनं) आहेत आणि मुलांच्या डोक्यात जे प्रश्न असतात त्यांची उत्तरं नेमकी तिथेच आहेत. सहा वर्षांचं मूल हमखास विचारतं, "अल्लाहची आई कोण?" तिला दटावू नका, "असं विचारू नये" तर अजिबात म्हणू नका. तिसरी आयत सांगते, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही. "तो दिसतो कसा?" याला चौथी आयत: त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही. प्रश्न तिने विचारायचा, उत्तर आयतीतून शोधायचं. असं केलं की पाठांतर आणि अर्थ एकत्रच होतात, वेगळा तास लागत नाही.

त्यानंतर कुरआनमधले शहाणे पुरुष हजरत लुकमान यांनी मुलाला केलेला उपदेश. कुरआनच्या 31व्या सूरहमध्ये 13 ते 19 या आयतींत तो आहे. बाप मुलाला दीन कोणत्या क्रमाने सांगतो, ते मला तिथे फार आवडतं. आधी, अल्लाहबरोबर कोणाला भागीदार करू नकोस. मध्येच आईची आठवण, तिने त्रासावर त्रास सोसून तुला पोटात वाढवलं. मग मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात दडलेली असली तरी अल्लाह ती आणून हजर करील. नमाज त्याच्याही नंतर येते. शेवटी गालफुगवेपणा करू नकोस, जमिनीवर मिरवत चालू नकोस, आवाज खाली ठेव, कारण सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा. इथे पोरं हसतात. हसू द्या. मोहरीचं सांगताना मिसळणाच्या डब्यातला एक दाणा तिच्या तळहातावर ठेवा. "हा घरात कुठेही लपव, मी शोधते" म्हणा. तुम्हाला तो सापडणार नाहीच, आणि ती आयत तिला पुन्हा समजवावी लागणार नाही.

जेवणाचं ताट ही शिकवायची उत्तम जागा आहे. उमर बिन अबी सलमा हे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या घरात वाढलेले. लहानपणी जेवताना त्यांचा हात सगळ्या थाळीभर फिरायचा. पैगंबरांनी (स.) तीन गोष्टी सांगितल्या: बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हाताने खा, आपल्या पुढचं खा. कोणा मुलाला दिलेला इतका छोटा आणि इतका पुरेसा धडा मला दुसरा माहीत नाही.

आता नमाज. तुमची मुलगी अजून सातची नाही, तेव्हा तिने पाच वेळा उभं राहावं अशी सक्ती मनातही आणू नका. तुम्ही मुसल्ल्यावर (नमाजच्या चटईवर) उभ्या राहिलात की ती शेजारी येईल, दोन सजदे करील (कपाळ जमिनीला टेकवील), मध्येच पळून जाईल. जाऊ द्या. पैगंबर (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढवायचे, सजद्याला जाताना खाली ठेवायचे आणि उठताना पुन्हा उचलायचे. वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) मात्र आत्ताच शिकवा, कारण पाण्याचं काम पोरांना आवडतंच. नळ सोडून नाही, एका लोट्यात. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींत) एक मुद्द पाण्यात वजू केल्याचं येतं, म्हणजे साधारण पाऊण लिटर. तेवढ्यात हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं) आणि पाय बसवायचे. पहिले काही दिवस पायांची पाळी यायच्या आत लोटा रिकामा होतो.

वय सातच्या जवळ आलं की ती हदीस तुम्हाला कोणीतरी ऐकवणारच: मुलं सात वर्षांची झाली की नमाजला सांगा आणि दहाव्या वर्षी पढत नसली तर मारा. लोकांना दुसरा भाग चांगला लक्षात राहतो. मधल्या तीन वर्षांचा हिशेब कोणी करत नाही. रोज पाच वेळा, तीन वर्षं, म्हणजे पाच हजारांहून जास्त वेळा गोडीने "चल, नमाजला" म्हणायचं आहे. एवढं केलेल्या आईबापाला मग हात उचलावासा वाटेल का, तुम्हीच सांगा. त्यातून फिकहवाल्यांनी (धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) अटी घातल्यात त्या वेगळ्याच: तोंडावर नाही, इजा होईल असं नाही. हजरत अनस दहा वर्षं पैगंबरांच्या (स.) खिदमतीत होते, लहान वयापासून. ते सांगतात, मला ते कधी "उफ" देखील म्हणाले नाहीत. छडी घेऊन शिकवायला बसणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

एक गोष्ट तुमच्याही घरात निघू शकते. मी रत्नागिरीकडची, म्हणजे शाफई. नवरा सांगलीचा, हनफी. नमाजच्या पद्धतीच्या या दोन परंपरा. मी रुकूत (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना हात कानांपर्यंत नेते, तो नेत नाही. फज्रच्या (पहाटेच्या नमाजच्या) दुसऱ्या रकातीत (फेरीत) मी कुनूत ही दुआ पढते, तो वित्रमध्ये (रात्रीच्या नमाजमध्ये) पढतो. माझी असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळ त्याच्या आधी होते. एवढंच काय, माहेरी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) कालवण चवीने खाल्लं जातं आणि सासरी त्या ताटात येत नाहीत. मुलाने एकदा सरळ विचारलं, "अम्मी, चुकतंय कोणाचं?" तेव्हा आम्ही त्याला इमामांची गोष्ट सांगितली. इमाम अबू हनीफा ज्या वर्षी वारले, त्याच वर्षी, हिजरी 150 मध्ये, इमाम शाफईंचा जन्म झाला. मोठे झाल्यावर ते इमाम अबू हनीफांच्या शागिर्दाकडे, इमाम मुहम्मद यांच्याकडे शिकले. म्हणजे अम्मीचे इमाम अब्बांच्या इमामांच्या शागिर्दाचे शागिर्द. त्याला हे फारच पटलं, आणि आता तो कोणीही वेगळ्या पद्धतीने नमाज पढताना दिसला की "याचे उस्ताद कोण?" असं विचारतो. मुलाला पद्धत एकच शिकवा, दुसरी चूक आहे असं मात्र शिकवू नका.

रोज्याची घाई नको. बालिग होईपर्यंत (वयात येईपर्यंत) तो फर्ज (बंधनकारक) नाही. पण रमजानमध्ये पोरं मागेच लागतात, तेव्हा दुपारपर्यंतचा चिडिया रोजा आहेच. जुन्या बायका "एका दाढेचा रोजा" ठेवायला लावायच्या. एका बाजूने खायचं, दुसरी बाजू रोज्याला. मुलांना हे खरंच वाटतं आणि ती दिवसभर एकाच गालाने चावत फिरतात. जकातीचे (बंधनकारक दानाचे) अडीच टक्के तिला आत्ता कळणार नाहीत, पण फित्रा (ईदच्या आधी द्यायचं दान) कळतो, कारण तो तिच्याही नावाने निघतो. आम्ही शाफई लोक धान्यच देतो, कोकणात तांदूळ, माणशी अडीच किलोच्या आसपास. तुम्ही पैसे देत असलात तरी एखाद्या वर्षी तांदूळ घ्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे तिला मोजायला लावा. हजचं म्हणाल तर हजरत इब्राहीम यांच्या पत्नी बीबी हाजरा यांची गोष्ट, सफा-मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या आणि जमजमचं पाणी, एवढं पुष्कळ झालं.

पुण्यात राहता म्हणजे भाद्रपदात प्रश्न येणारच: "मैत्रिणीकडे गणपती आलाय, जाऊ?" माझ्या घरचं उत्तर, जा. त्यांच्याकडे पूजा होते, आपण पूजा फक्त अल्लाहची करतो, एवढं तिला आधी सांगून ठेवा. प्रसादाबाबत घराघराचं वेगळं असतं. तुमच्या घरचं ठरवा आणि तिला नम्रपणे बोलायला शिकवा. दुसरे ज्यांना पुजतात त्यांना वाईट बोलू नका, असा कुरआनचा हुकूमच आहे (6:108). ही आयत सूरह काफिरूनच्या "तुमचा दीन तुम्हाला, माझा मला" हिच्या जोडीने शिकवा. नाहीतर पोरं अर्धंच ऐकतात आणि शाळेत भांडण करून येतात.

मोबाईलवरचे कबरीचा अजाब (शिक्षा) आणि दज्जालचे (कयामतीआधी येणाऱ्या फसव्याचे) व्हिडिओ या वयात बंदच ठेवा. सूरह तौबा सोडली तर 113 सूरहांची सुरुवात रहमान आणि रहीम या दोन नावांनी होते. आधी तीच नावं रुजू द्या. जहन्नम (नरक) कुरआनमध्ये आहे, लपवायचं नाही, पण अंधारात बाथरूमला जायला घाबरणाऱ्या मुलीला त्यातलं काय समजणार?

आता सासूबाईंचा मुद्दा. उच्चार लहानपणी जितके लवकर बसतात तितके पुढे बसत नाहीत, हे खरंच आहे. आपल्या मराठी जिभेला एकच "क", अरबीत दोन. "कुल हुवल्लाह" मधला "कुल" घशातून आला तर "सांग", साधा आला तर "खा". म्हणून देवनागरीत छापलेल्या सूरहांच्या पुस्तिकेवरून शिकवू नका, त्यात दोन्ही "क" सारखेच दिसतात. तुमचं वाचन अडखळतं, तर तुम्हीही तिच्याबरोबर कायद्याला बसा. आई चुकते आणि हजरत आईलाही टोकतात, याचा मुलींना भलताच आनंद होतो.

जवळ कोणी नसेल तर व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्या हाफिजा (कुरआन पाठ असलेल्या बायका) आता सहज मिळतात. वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आठवड्याला चार-पाच दिवस. आधी नमुन्याचा एक सबक घ्यायला सांगा आणि त्या अक्षराचा मखरज (उच्चाराची जागा) तोंड उघडून दाखवतात की नुसतं "पुन्हा म्हण" म्हणत राहतात, ते बघा. ओरडणारी व्यक्ती कितीही मोठ्या मदरशातून शिकलेली असो, दुसऱ्या दिवशी बदला. शिकवणी हॉलमध्ये, तुमच्या कानावर पडेल अशीच ठेवा. नूरानी कायदा मोठ्या अक्षरांचा घ्या. खिशात मावणारा स्वस्त मिळतो, पण त्यातले नुक्ते (अक्षरांचे ठिपके) सहा वर्षांच्या डोळ्यांना दिसत नाहीत.