नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर एकाच खोलीत आहे. दोन वर्षांच्या कुत्र्यासोबत नवं मांजर लगेच ठेवता येईल का?

लगेच नको, निदान २-३ आठवडे दोघांना वेगळं ठेवा आणि कूलरच्या खोलीत पाळीपाळीनं सोडा. नागपूरच्या ४५ अंशांत गारवा दोघांनाही हवाच, तेव्हा ज्याची पाळी नाही त्याला सावलीच्या खोलीत पंखा आणि भरपूर पाणी द्या. अशा अदलाबदलीनं समोर न येताच एकमेकांचा वास ओळखीचा होतो. जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवा. दोघंही निवांत खाऊ लागले, की कुत्र्याला पट्ट्यानं धरून ५-१० मिनिटं भेटवा. मांजराला कपाटावर चढायची वाट मोकळी हवी. कुत्रा ताठ होऊन टक लावून बघत राहिला आणि हाकेलाही वळला नाही, तर भेट तिथेच थांबवून पुन्हा दाराच्या टप्प्यावर या. ओरडू मात्र नका, मांजर दिसलं की रागावतात, एवढंच तो शिकतो.

उन्हाळ्यात गोचिडीचं औषध लावाल तेव्हा वेष्टन नक्की वाचा: कुत्र्यांच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजरासाठी विषारी असतं, अंगाला अंग लागूनही बाधतं.

कुत्र्यानं आधी मांजर मारलं असेल, तर मात्र दोघांना एकटं कधीच सोडू नका.