दागिने लपवावेत की लिहावेत? दिवाळखोरीच्या अर्जापूर्वीची एक भेट

अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जविषयक समुपदेशन घ्यावे लागते. मी ते काम करते. उत्पन्न, खर्च आणि देणी यांची मांडणी करून दिवाळखोरीशिवाय दुसरा मार्ग उरला आहे का, हे पाहणे एवढेच माझे औपचारिक काम आहे. परंतु मराठी कुटुंबांशी बोलताना आकड्यांच्याही आधी बहुधा एक प्रश्न येतो, आणि तो विचारताना आवाज खाली गेलेला असतो: घरातले सामान उचलून नेतील का, आणि दागिन्यांचे काय होईल?

न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका ताईंनी हाच प्रश्न मला विचारला होता. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. यजमानांची नोकरी गेली, पाठोपाठ एक शस्त्रक्रिया झाली, आणि विम्याने न भरलेली रुग्णालयाची बिले व क्रेडिट कार्डे मिळून देणे ६४,००० डॉलरपर्यंत पोहोचले. दोघांनी मिळून चॅप्टर ७ खाली, म्हणजे सुटीबाहेरची मालमत्ता विकून बाकीची बहुतेक देणी माफ होतात त्या प्रकारच्या दिवाळखोरीसाठी, अर्ज करावा असे वकिलांनी सुचवले होते. त्यासाठी लागणारी उत्पन्नाच्या मर्यादेची चाचणी ते पूर्ण करत होते, त्यामुळे त्या बाबतीत फारसे बोलण्यासारखे नव्हते. व्हिडिओवरच्या आमच्या पहिल्या भेटीला ताई एकट्याच बसल्या होत्या.

"बांगड्या मी नणंदेकडे दिल्यात," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. लग्नातला हार भारतात आहे, सासूबाईंच्या लॉकरमध्ये. म्हणजे तो इथे धरायचा नाही ना? राहता राहिलं मंगळसूत्र आणि कानातलं. त्याचे दोन हजार लिहिले तर चालेल?"

मी त्यांना तिथेच थांबवले, कारण या चार वाक्यांत त्यांनी स्वतःचे जितके नुकसान करून घेण्याची तयारी केली होती, तितके नुकसान कोणताही धनको करू शकला नसता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. माणूस भीतीपोटी दागिने हलवतो, आणि आपण फक्त सुरक्षित ठेवत आहोत असे त्याला मनापासून वाटत असते. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचा सल्ला मी देत नाही. परंतु कायद्यात काय लिहिले आहे हे सांगणे आणि त्याच दिवशी वकिलांशी बोलायला लावणे मला शक्य होते, आणि मी तेच केले.

दिवाळखोरी संहितेच्या कलम ५४१ नुसार अर्ज दाखल होताच अर्जदाराची जवळजवळ सर्व मालमत्ता एका स्वतंत्र संपदेत जमा होते, मग ती कोठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो. भारतातल्या लॉकरमधला हार जर ताईंच्या मालकीचा असेल, तर लॉकर कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. नणंदेकडे ठेवायला दिलेल्या बांगड्याही ताईंच्याच राहतात. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण कायद्याचे हे पहिलेच पाऊल आहे. दुसऱ्या पावलात कायदा यातले बरेचसे परत अर्जदाराच्या हाती देतो. त्याला एक्झेम्प्शन म्हणजे सूट म्हणतात, आणि तीच दिवाळखोरीतल्या कुटुंबाची खरी ढाल आहे. मात्र सूट मागावी लागते, आणि न लिहिलेल्या वस्तूवर ती मागता येत नाही. मालमत्ता शेड्यूल ए/बी मध्ये लिहिली जाते आणि त्यातली कोणती वस्तू कोणत्या तरतुदीखाली वाचवायची, हे शेड्यूल सी मध्ये. जो दागिना पहिल्या यादीत नाही, त्याला दुसऱ्या यादीत जागाच मिळत नाही.

आता आकडे. १ एप्रिल २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी केंद्रीय यादीत, म्हणजे कलम ५२२(डी) मध्ये, दागिन्यांसाठी प्रत्येक अर्जदाराला २,१२५ डॉलरची सूट आहे. दर तीन वर्षांनी हे आकडे बदलतात. मंगळसूत्राला या यादीत वेगळी जागा नाही. ते दागिन्यांच्याच रकमेत मोजले जाते. नुसते २,१२५ ऐकले की कोणाच्याही पोटात गोळा येतो, आणि इंटरनेटवर वाचणारे बहुतेक लोक इथेच घाबरून वाचन सोडून देतात. त्याच कलमात पुढे वाइल्डकार्ड नावाने ओळखली जाणारी सूट आहे. ती कोणत्याही वस्तूला लावता येते: १,६७५ डॉलर, आणि स्वतःच्या घरावरची सूट वापरली नसेल तर तिच्यातले आणखी १५,८०० डॉलरपर्यंत. ताई भाड्याच्या घरात राहत असल्यामुळे ही पूर्ण रक्कम त्यांना मोकळी होती. दागिन्यांचे २,१२५ आणि वाइल्डकार्डचे १७,४७५ मिळून त्यांच्या एकटीच्या वाट्याला १९,६०० डॉलर येत होते. लपवण्याची गरज मुळात नव्हती.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. ही केंद्रीय यादी सर्व राज्यांत वापरता येत नाही. न्यू जर्सीत अर्जदाराला केंद्रीय किंवा राज्याची यादी निवडता येते. कॅलिफोर्नियात केंद्रीय यादी घेताच येत नाही, तिथे राज्याच्याच दोन याद्यांपैकी एक निवडावी लागते. टेक्सासच्या कायद्यात कुटुंबाच्या जंगम मालमत्तेला एकूण १,००,००० डॉलरपर्यंत संरक्षण आहे आणि त्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दागिने असू शकतात. शिवाय गेल्या ७३० दिवसांत राज्य बदलले असेल तर आधीच्या राज्याचा कायदा लागू होऊ शकतो. म्हणून मैत्रिणीच्या प्रकरणात काय झाले यावरून आपला हिशेब कधीही करू नये.

मग मी बांगड्यांकडे वळले. अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दुसऱ्याला दिलेली मालमत्ता ट्रस्टी, म्हणजे धनकोंसाठी ती संपदा सांभाळायला नेमलेला अधिकारी, परत मागू शकतो, आणि राज्यांचे कायदे त्याहूनही मागे जाऊ शकतात. धनकोंना फसवण्याच्या किंवा अडवण्याच्या हेतूने अर्जाआधीच्या एका वर्षात मालमत्ता हलवली किंवा लपवली असे सिद्ध झाले, तर कर्जमुक्तीच नाकारली जाऊ शकते, म्हणजे दागिनाही जातो आणि ६४,००० चे देणेही राहते. जाणूनबुजून लपवणे हा फौजदारी गुन्हाही आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या सगळ्यात ताईंना सर्वांत अनपेक्षित वाटली ती कलम ५२२(जी) मधली तरतूद: आपण स्वतःहून दुसऱ्याला दिलेली वस्तू ट्रस्टीने परत मिळवली, तर तिच्यावर सूट मागता येत नाही. घरात राहिल्या असत्या तर पूर्ण वाचल्या असत्या अशा बांगड्या नणंदेच्या कपाटात जाऊन उघड्या पडल्या होत्या.

"मग आता?" त्यांनी विचारले. मी त्यांना वकिलांना फोन लावायला सांगितला आणि तो लागेपर्यंत थांबले. वकिलांनी अर्जाची तारीख पुढे ढकलली, बांगड्या परत आणायला सांगितल्या, आणि त्या दिल्या होत्या व परत आल्या हेही आर्थिक व्यवहारांच्या निवेदनात तारखांसह लिहायचे ठरवले. हे लिहिणे ताईंना अपमानास्पद वाटत होते. मला मात्र ती नोंद त्या संपूर्ण अर्जातली सर्वांत मोलाची वाटली, कारण पुढे कोणी विचारले असते तर उत्तर आधीच कागदावर होते.

दोन हजारांचा अंदाजही मोडीत काढावा लागला. कायद्याला अर्जाच्या दिवसाचा बाजारभाव हवा असतो. दुकानाची जुनी पावती चालत नाही आणि विम्यासाठी केलेले मूल्यांकनही चालत नाही, कारण ते नवा दागिना घेण्याच्या खर्चावर बेतलेले असून बहुधा जास्त असते. सोन्याच्या बाबतीत चूक उलट बाजूनेही होते: पंधरा वर्षांपूर्वीची खरेदीची किंमत लिहिली, तर ती आजच्या भावापुढे फारच कमी ठरते आणि ट्रस्टीला संशयाचे कारण मिळते. ताईंनी सराफाकडून वजन, शुद्धता आणि आजची विक्रीची किंमत लेखी घेतली. भारतातल्या हाराची छायाचित्रे आणि वजनाची चिठ्ठी सासूबाईंनी पाठवली. बांगड्या, हार, मंगळसूत्र आणि कानातले मिळून रक्कम ११,४०० डॉलर झाली. त्यातले २,१२५ दागिन्यांच्या सुटीत आणि ९,२७५ वाइल्डकार्डमध्ये बसले. ८,२०० डॉलर शिल्लक राहिले आणि बँकेतली थोडी रक्कम व येऊ घातलेला कराचा परतावा त्यात सामावला. यजमानांची सूट या दागिन्यांना जोडायची गरज पडली नाही, आणि ते बरेच झाले, कारण दोघांनी एकत्र अर्ज केला तरी प्रत्येकाची सूट आपापल्या मालकीच्या वस्तूंनाच लागते.

मुलीला आजी-आजोबांनी दिलेली सोन्याची साखळीही घरात होती. ती मुलीची आहे, आईची नाही. तरीही ती गाळून चालत नाही. दुसऱ्याची जी वस्तू आपल्या ताब्यात आहे तिच्यासाठी अर्जात वेगळा प्रश्न असतो, आणि तिथे ती लिहिली गेली.

हार विकून भावाचे ३,००० डॉलर आधी फेडावेत, असाही एक विचार त्यांच्या मनात होता. नात्यातल्या माणसाचे पैसे आधी देणे कोणालाही योग्यच वाटेल, परंतु अर्जाआधीच्या एका वर्षात नातेवाइकाला केलेली अशी परतफेड ट्रस्टी त्या नातेवाइकाकडून वसूल करू शकतो, म्हणजे त्रास भावालाच होतो. दागिना खऱ्या बाजारभावाने विकून भाडे, औषधे किंवा वकिलाची फी भरणे वेगळे. तिथेही पावत्या जपून ठेवाव्या लागतात आणि विक्री अर्जात लिहावी लागते.

घरातल्या सामानाची चिंता त्यामानाने लवकर मिटली. फर्निचर, कपडे, भांडी, उपकरणे, पुस्तके, वाद्ये अशा घरगुती वापराच्या वस्तूंसाठी केंद्रीय यादीत प्रत्येक वस्तूमागे ८०० आणि एकूण १६,८५० डॉलरची सूट प्रत्येक अर्जदाराला आहे. वापरलेला पलंग किंवा मुलीचे व्हायोलिन आज विकायला काढले तर काय येईल, एवढाच प्रश्न असतो, आणि उत्तर बहुधा फारच लहान असते. वापरलेले सामान उचलून, साठवून, विकून धनकोंच्या हाती काही उरत नाही, म्हणून सामान्य कुटुंबाच्या स्वयंपाकघरात ट्रस्टीला रस नसतो. मुलांचे पलंग कोणी नेत नाही, हे मी ताईंना अगदी निःशंकपणे सांगितले.

अपवाद होता तो सोफ्याचा. तो दुकानाच्या हप्त्यांवर घेतला होता आणि करारात दुकानाने त्याच सोफ्यावर तारण ठेवले होते. सूट अशा तारणाला हटवत नाही. सोफा परत करणे, नव्या कराराने हप्ते चालू ठेवणे, किंवा कलम ७२२ खाली त्याच्या आजच्या किमतीएवढी रक्कम एकरकमी भरून तो सोडवणे, असे तीन मार्ग होते. दुकानाचे १,३०० डॉलर देणे होते आणि सोफ्याची किंमत २५० च्या आसपास. त्यांनी तो परत केला. याउलट, घरात आधीपासून असलेल्या सामानावर एखाद्या वित्तसंस्थेने रोख कर्जासाठी तारण लिहून घेतले असेल, तर कलम ५२२(एफ) खाली ते न्यायालयाकडून काढून टाकण्याची मागणी करता येते. गहाणवटीच्या दुकानात ठेवलेल्या दागिन्याला ही सोय नाही, कारण तो आधीच दुकानदाराच्या ताब्यात असतो.

अर्ज दाखल झाल्यावर महिनाभराने ट्रस्टीसमोर व्हिडिओवर बैठक झाली. आदल्या रात्री ताईंचा मला फोन आला. बांगड्यांबद्दल विचारले तर काय सांगू, असे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. जे लिहिले आहे तेच सांगा, एवढेच मी म्हटले. ट्रस्टीने शपथ दिली, बांगड्यांची नोंद वाचली, त्या आता कोठे आहेत असे विचारले. "घरी," ताईंनी सांगितले. मग हाराबद्दल विचारले. "भारतात, सासूबाईंच्या लॉकरमध्ये. तो माझा आहे आणि अर्जात लिहिला आहे." ट्रस्टीने मान हलवली आणि सराफाची चिठ्ठी पाहून पुढचे पान उलटले.

सुटीवर आक्षेप घेण्यासाठी बैठक संपल्यापासून ३० दिवस असतात. त्या मुदतीत कोणाचाही आक्षेप आला नाही, आणि पुढे दोघांच्या कर्जमुक्तीचा आदेशही निघाला.